बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर : ख्यालाची तालीम आणि मराठी भाषा

महाराष्ट्रात ख्यालगायन कोणी आणले, या प्रश्नाला गेल्या शतकभर एकच उत्तर देण्यात येते, आणि ते उत्तर म्हणजे गायनाचार्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (1849–1926) यांचे नाव होय. हे उत्तर चुकीचे नाही; तथापि ते अपुरे आहे. बुवा ग्वाल्हेरची विद्या घेऊन दक्षिणेत आले त्यापूर्वीही मराठी मुलखातील संस्थानांतून उत्तरेकडील गवई येत-जात होते, आणि ख्याल हा शब्द रसिकांच्या कानास अगदीच अपरिचित होता असे म्हणता येत नाही. गाणे एखाद्या प्रांतात ऐकले जाणे आणि ते तेथे शिकविले जाणे या दोन भिन्न घटना आहेत. पहिलीस एक धनिक आश्रयदाता पुरतो. दुसरीस गुरू लागतो, घर लागते, वर्षानुवर्षे चालणारी तालीम लागते आणि त्या तालमीची एक भाषा लागते. बुवांचे कार्य या दुसऱ्या घटनेशी निगडित आहे, आणि तिच्यातील भाषेचा भाग त्यांच्या चरित्रकारांकडून बहुधा दुर्लक्षित राहिलेला आहे.

बुवांचे वडील रामचंद्रबुवा हे स्वतः गाणारे होते. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यातील त्या काळच्या ब्राह्मण कुटुंबात गाणे म्हणजे प्रायः कीर्तन, पदे आणि आख्याने. गवयाचा धंदा हा मुलाच्या भवितव्याचा मार्ग म्हणून कोणी निवडीत नसे. बाळकृष्ण मात्र लहान वयातच गाण्याच्या मागे लागून घराबाहेर पडला. कोल्हापुरात भाऊबुवा कागवाडकर यांच्याकडे आरंभीचे शिक्षण, पुढे माळव्यात धार येथे देवजीबुवांकडे काही वर्षे, आणि अखेर वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे ग्वाल्हेरची संपूर्ण तालीम, असा हा क्रम आहे. धारेहून बुवांस का निघावे लागले याविषयी जी आख्यायिका प्रचलित आहे तीत गुरुपत्नीचा रोष कारणीभूत झाल्याचे सांगतात. गुरुगृही राहून विद्या मिळवावयाची म्हणजे गुरूइतकीच गुरुपत्नीची मर्जी राखावी लागे, एवढा सामाजिक अर्थ त्या आख्यायिकेतून निश्चित निघतो; बाकीचा तपशील कथाकारांच्या पदरी सोडणे इष्ट.

या गुरुपरंपरेकडे जरा बारकाईने पाहिले पाहिजे. ग्वाल्हेरच्या शिंदे दरबारात एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हद्दूखाँ, हस्सूखाँ आणि नत्थूखाँ या बंधूंनी ख्यालास जे रूप दिले ते पुढे ग्वाल्हेर गायकी या नावाने ओळखले गेले. खुला आवाज, प्रथम अस्ताई व अंतरा मिळून संपूर्ण चीज मांडणे, मग बेहलावा, बोलअंगाचे आलाप, बोलताना आणि शेवटी सरळ सपाट वेगाची तान. तिलवाडा, झुमरा, एकताल असे ताल. यमन, भूप, हमीर, केदार, गौडसारंग, अल्हैया बिलावल यांसारखे सर्वपरिचित राग. आणि ख्यालाच्या जोडीला टप्पा, तराणा, अष्टपदी यांचा साठा, ही त्या गायकीची ठळक लक्षणे. ही विद्या मूळची मुसलमान उस्तादांच्या घरातली. परंतु ज्या दरबाराच्या आश्रयाने ती वाढली तो दरबार मराठी होता, आणि त्या दरबाराभोवती दक्षिणेतून गेलेल्या मराठी कुटुंबांची मोठी वस्ती होती. त्या वस्तीतून व कोकण-देशावरून तेथे गेलेल्या तरुणांतून हस्सूखाँना मराठी ब्राह्मण शिष्य मिळाले. वासुदेवबुवा जोशी आणि देवजीबुवा हे त्यांपैकीच. जोशी मूळचे कोकणातील अलिबागेकडचे.

यावरून एक गोष्ट उघड होते. हस्सूखाँनी वासुदेवबुवांस जी तालीम दिली ती हिंदुस्थानी बोलीत. वासुदेवबुवांनी बाळकृष्णबुवांस जी दिली ती, दोघेही मराठीभाषक असल्यामुळे, मराठीत दिली गेली असली पाहिजे. म्हणजे चिजेची भाषा व्रज किंवा तत्सम हिंदी राहिली, आणि चीज शिकविण्याची, समजावण्याची, चुकले तर रागावण्याची भाषा मराठी झाली. ख्यालाचे दक्षिणेकडील स्थलांतर भौगोलिक दृष्ट्या बुवांच्या परतीच्या प्रवासाने घडले हे खरे. परंतु भाषिक दृष्ट्या ते त्याआधीच, ग्वाल्हेरच्याच एका मराठी घरात, एक पिढी अगोदर सुरू झालेले होते.

या स्थलांतराच्या खुणा मराठी गवयांच्या शब्दसंग्रहात आजही उमटलेल्या दिसतात. ‘अस्ताई’ हाच शब्द घ्यावा. मूळ संस्कृत शब्द ‘स्थायी’. आरंभीच्या जोडाक्षरापूर्वी स्वर घालण्याची सवय ही फार्सी-उर्दूच्या वळणात वाढलेल्या जिभेची आहे. मराठी जिभेस ‘स्थळ’, ‘स्थान’, ‘स्थिर’ म्हणताना असला आधार लागत नाही. असे असूनही मराठी ब्राह्मण गवई, ज्याच्या घरात संस्कृत स्तोत्रे नित्य म्हटली जात, तो तंबोरा हाती घेताच ‘अस्ताई’ म्हणे. शब्द ग्रंथातून न येता उस्तादाच्या तोंडून कानावाटे आला, याचा याहून बळकट पुरावा सापडणे कठीण. पुढे संगीतविद्यालये निघाली, क्रमिक पुस्तके छापली गेली, तेव्हा ‘स्थायी’ हा शुद्ध शब्द पुनः प्रतिष्ठित झाला. बैठकीतील मंडळी मात्र बराच काळ ‘अस्ताई’वरच राहिली. एकाच कल्पनेसाठी ही दोन रूपे वापरणारी माणसे वस्तुतः दोन वेगळ्या शिक्षणपद्धतींची साक्ष देत होती.

‘तालीम’ या शब्दाचा प्रवास त्याहून मनोरंजक आहे. मूळ अरबी अर्थ शिक्षण. मराठीत हा शब्द मुख्यतः मल्लविद्येच्या अंगाने रूढ झाला आणि शिक्षणाऐवजी शिक्षणाची जागा, म्हणजे आखाडा, असा त्याचा अर्थ स्थिर झाला. पेठेपेठेत तालमी उभ्या राहिल्या. उस्तादाचा ‘वस्ताद’ झाला तोही प्रथम आखाड्यातच. गाण्याची तालीम हा प्रयोग मराठीत आला तेव्हा श्रोत्याच्या मनात लाल मातीचा आणि जोर-बैठकांचा वास त्या शब्दाला आधीच लागलेला होता. मराठी गवयांच्या बोलण्यात रियाजापेक्षा ‘मेहनत’ हा शब्द अधिक का रुळला, आणि आवाज ‘कमावणे’, गळा ‘तयार करणे’, तान ‘मारणे’ अशी शरीरकष्टाची क्रियापदे त्यांच्या तोंडी का बसली, याचे एक कारण येथे असावे. कोल्हापूर-सांगली-मिरज हा कुस्तीचा मुलूख; तेथल्या माणसास विद्या अंगात मुरवावयाची म्हणजे घाम गाळावयाचा हे वेगळे सांगावे लागत नसे. ‘चीज’ हा शब्दही असाच. फार्सीत त्याचा अर्थ केवळ ‘वस्तू’. गवयांनी तो बंदिशीसाठी वापरला. मराठीने त्यास आणखी एक वळण दिले, आणि श्रमाचे ‘चीज होणे’ म्हणजे ते सार्थकी लागणे असा वाक्प्रचार घडविला. दोन्ही अर्थ एकाच भाषेत शेजारी-शेजारी नांदतात.

राहता राहिला ‘बुवा’. गोसावी, हरदास, कीर्तनकार यांच्या नावास जोडावयाचा हा आदरवाचक शब्द गवयाच्या नावास लागला ही घटना वरवर क्षुल्लक वाटते. परंतु मुसलमान गवयास ‘खाँसाहेब’ म्हणण्याची रीत होती आणि मराठी गवयासाठी त्या तोडीचा शब्द समाजाजवळ नव्हता. ‘गवई’ हा धंदा सांगणारा शब्द. त्यात आदर नाही, प्रसंगी हेटाळणीच. तेव्हा कीर्तनाच्या क्षेत्रातून एक प्रतिष्ठित शब्द उसना घेण्यात आला. वासुदेवबुवा, देवजीबुवा, बाळकृष्णबुवा, गुंडूबुवा, अंतूबुवा, मिराशीबुवा ही नावांची मालिका म्हणजे एका नव्या वर्गाने स्वतःसाठी शोधलेली सामाजिक जागा आहे. त्यापुढे गावाचे नाव: इचलकरंजीकर, भिलवडीकर. आश्रयाचे वा वास्तव्याचे गाव नावातच वाहून नेणारा हा वर्ग होता.

ग्वाल्हेरची तालीम पुरी करून बुवा दक्षिणेकडे वळले, ते प्रथम मुंबईस. तेथे त्यांनी गायन समाज स्थापन केला आणि ‘संगीत दर्पण’ नावाचे मासिकही चालविले. गुरुमुखाने शिकलेला, संस्थानी वळणाचा एक गवई छापखान्याकडे वळतो ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे, कारण मुद्रण आणि सार्वजनिक संस्था यांच्या साहाय्याने संगीताचा प्रसार करण्याचे श्रेय सामान्यतः पुढील पिढीस देण्यात येते. मुंबई-पुण्याचे वातावरणही त्या वेळी अशा उद्योगास अनुकूल होते. पारशी मंडळींची गायन उत्तेजक मंडळी 1870 पासून कार्य करीत होती; पुण्याचा गायन समाज 1874 चा; आणि 1880 मध्ये किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’ने संगीत रंगभूमीचा जो ओघ सुरू केला त्याने मध्यमवर्गाचा कान वेगाने बदलत होता. परंतु मुंबईची हवा बुवांस मानवली नाही. दम्याचा विकार जडल्याने त्यांनी ते शहर सोडले आणि ते मिरजेस संस्थानच्या आश्रयास आले. पुढे इचलकरंजीचे अधिपती नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या पदरी त्यांचे उर्वरित आयुष्य गेले.

मुंबईत राहते तर बुवा नव्या संस्थात्मक संगीताचे अध्वर्यू झाले असते काय, असा प्रश्न करण्यात फारसा अर्थ नाही. मिरजेस येण्याने जे घडले ते पुरेसे आहे. मिरज हे स्थळ या विद्येस विलक्षण मानवणारे होते. तंतुवाद्ये बनविणाऱ्या कारागिरांची घराणी तेथे नांदत होती. मराठी आणि कानडी या दोन भाषांच्या सीमेवर ते वसलेले. आणि सांगली, कुरुंदवाड, जमखंडी, औंध, कोल्हापूर अशी लहानमोठी संस्थाने चहूबाजूंस. जवळच्या कुरुंदवाडात ग्वाल्हेरचाच दुसरा एक धागा येऊन पोहोचला होता: सर्कसकार विष्णुपंत छत्रे, जे स्वतः हद्दूखाँचे शिष्य, त्यांनी हद्दूखाँचे पुत्र रहिमतखाँ यांस सांभाळले, आणि रहिमतखाँचा अंत 1922 साली कुरुंदवाडातच झाला. 1895 पासून अल्लादियाखाँ कोल्हापुरात होते. काही काळाने अब्दुल करीमखाँ मिरजेत स्थायिक झाले. अवघ्या काही कोसांच्या टापूत हे सारे एकवटले होते, हे विसरून एकट्या बुवांच्या पदरात दक्षिण महाराष्ट्राचे सर्व सांगीतिक पुण्य टाकणे इतिहासास धरून होणार नाही.

मिरजेत बुवांच्या घरी विद्यार्थी राहत. पाणी भरणे, गुरूची कामे करणे, पहाटे खर्ज लावणे, गुरू गाऊ लागला की मागे तंबोरा धरून बसणे, हा दिनक्रम. बुवांविषयी त्यांच्या शिष्यवर्गाचा एकमुखी अभिप्राय असा की त्यांनी विद्या लपविली नाही. जे स्वतःस दाराबाहेर उभे राहून, हिंडून, अपमान सोसून मिळवावे लागले ते त्यांनी मोकळ्या हाताने वाटले. या औदार्याची थोरवी गाताना उस्तादांच्या कृपणतेचे जे चित्र रंगविण्यात येते त्याकडे मात्र सावधपणे पाहिले पाहिजे. वासुदेवबुवांस विद्या दिली ती हस्सूखाँनीच, आणि ते त्यांच्या रक्ताचे नव्हते.

शिकविण्याच्या पद्धतीत मौखिक परंपरेचा जो विशेष आहे तो भाषाशास्त्राच्या दृष्टीने अत्यंत उद्बोधक आहे. गुरूने अस्ताई सांगावी, शिष्याने जशीच्या तशी म्हणावी. गुरूकडून मिळालेले हे रूप म्हणजे ‘नायकी’, आणि त्यात शिष्य आपल्या बुद्धीने जी भर घालील ती ‘गायकी’. वेदपाठातही शब्द कानावाटेच जातो. परंतु तेथे पद, क्रम, जटा असे पाठ योजून अक्षरन् अक्षर राखण्याची व्यवस्था केलेली आहे. ख्यालात ती काळजी स्वराची व समेची घेतली जाते, शब्दाची नव्हे. म्हणून चिजेची चाल पिढ्यान् पिढ्या टिकते आणि शब्द झिजतात. व्रज भाषा न जाणणाऱ्या मराठी कंठातून ते जात असता ही झीज दुहेरी होते. हिंदीतील ‘ऐ’ व ‘औ’ हे प्रायः एकस्वरी उच्चार. मराठीत त्यांचे ‘अइ’, ‘अउ’ होतात. अकार-उकारापूर्वीचे च आणि ज मराठीत दंततालव्य होऊ पाहतात. अर्थ न कळल्याने पदांचे तुकडे भलत्याच ठिकाणी पडतात, आणि एका शब्दाचा शेवट दुसऱ्याचा आरंभ होऊन बसतो. शिवाय ख्यालातील बोलणारी व्यक्ती बहुधा स्त्री. तिची स्त्रीलिंगी क्रियारूपे भरदार आवाजाचा मराठी पुरुष निर्विकारपणे गात असे, आणि श्रोत्यासही त्यात वावगे वाटत नसे, कारण दोघांच्याही लेखी ते शब्द स्वराचे वाहन होते. यावरून मराठी गवयांस अज्ञ ठरविणारे टीकाकार एक गोष्ट विसरतात: जो शब्द अर्थाच्या बंधनातून सुटला तो लयीच्या खेळास अधिक मोकळा होतो, आणि ग्वाल्हेरची बोलतान ही कला त्याच मोकळीकीवर उभी आहे.

बुवांच्या शिष्यांत विष्णु दिगंबर पलुसकर (1872–1931) यांचे नाव सर्वतोमुखी आहे. कुरुंदवाडच्या कीर्तनकाराचा हा मुलगा. फटाक्याच्या अपघाताने दृष्टी अधू झाल्याने शाळा सुटली आणि तो बुवांपाशी गाणे शिकू लागला. त्याच्या चरित्रकारांनी सांगितलेला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. गावातील एका समारंभाचे निमंत्रण विष्णुपंतांस आले. गुरूंस आले नाही. चौकशी करता उत्तर मिळाले की ते तर गवई, त्यांस काय बोलवावयाचे! ही हकीकत अक्षरशः घडली असो वा नसो, तीत त्या काळच्या संस्थानी समाजाचे वर्तन अचूक सापडले आहे. ज्याच्या गाण्याने दरबार रंगावयाचा त्याला दरबारी पंगतीत पाट नसे. ‘बुवा’ या उपपदाने मिळवू पाहिलेली प्रतिष्ठा कोठवर पोचली होती आणि कोठे अडली होती, हे या एका उत्तरात दिसते.

1896 साली विष्णुपंत मिरज सोडून बाहेर पडले, आणि 1901 मध्ये लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन झाले. पुढचा इतिहास सर्वश्रुत आहे. वर्ग, परीक्षा, पदव्या, स्वरलेखन, तिकीट लावून जलसे, आणि शृंगारिक शब्दांच्या जागी भक्तिपर पदे! गुरूच्या घरात शब्दास जे दुय्यम स्थान होते ते शिष्याच्या विद्यालयात राहिले नाही. शब्द छापला गेला की तो वाचला जातो, आणि वाचला गेला की त्याच्या सभ्यासभ्यतेचा प्रश्न उपस्थित होतो. भातखंडे यांनीही ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ आणि ‘क्रमिक पुस्तक मालिका’ मराठीतच लिहिल्या. संगीताची शास्त्रीय चर्चा मराठीत करता येते हा विश्वास त्या वेळी निर्माण झालेला होता, आणि त्याची पायाभरणी तालमीच्या बोलभाषेने अगोदर केली होती. फरक एवढाच की छापील मराठी संस्कृतकडे वळली. ‘अस्ताई’ मागे पडून ‘स्थायी’ आली. आणि शब्दांवरील फार्सी-अरबी छाप पुसली गेली तसतशी हद्दू-हस्सूखाँची आठवणही पाठ्यपुस्तकांत नामोल्लेखापुरती उरली.

विष्णु दिगंबरांच्या तेजामुळे बुवांचे इतर शिष्य झाकले गेले हे बरे झाले नाही. अनंत मनोहर जोशी ऊर्फ अंतूबुवा (1881–1967) औंध दरबारी गवई झाले. त्यांचे पुत्र गजाननबुवा जोशी (1911–1987) यांनी गळा आणि व्हायोलिन या दोहोंत ही विद्या खेळविली. यशवंत सदाशिव मिराशीबुवा (1883–1966) यांनी बरीच वर्षे नाटक मंडळीत काढली आणि उत्तरायुष्यात परंपरेतील चिजा स्वरलिपीसह प्रसिद्ध केल्या. गुंडूबुवा इंगळे यांचे पुत्र केशवबुवा यांनी बाळकृष्णबुवांचे चरित्र लिहिले. बुवांचे स्वतःचे पुत्र अण्णाबुवा चांगले तयार झाले होते, पण ते पित्याच्या हयातीतच वारले; त्या आघाताने बुवा खचले. रक्ताची परंपरा तेथे थांबली.

आणखी एका शिष्याचे नाव येथे घेतले पाहिजे, कारण ‘मराठी ब्राह्मणांची ग्वाल्हेर परंपरा’ या रूढ वर्णनास ते छेद देते. मिरजेचे नीळकंठबुवा हे जंगम, म्हणजे लिंगायत पुरोहितवर्गातील. त्यांच्याकडे गदगचे अंध गायनाचार्य पंचाक्षरी गवई शिकले. नाटक मंडळीतील एका कानडी मुलाचे गाणे ऐकून त्याला त्यांनीच मिरजेस नेले, आणि तो मुलगा पुढे मल्लिकार्जुन मन्सूर म्हणून विख्यात झाला. उत्तर कर्नाटकात हिंदुस्थानी संगीताचा जो बहर विसाव्या शतकात दिसला त्याच्या अनेक मुळांपैकी एक असे बुवांच्या मिरजेच्या ओसरीपर्यंत येऊन पोहोचते. तोवर व्रज भाषेतील चीज हिंदुस्थानी, मराठी आणि कानडी अशा तीन बोलींच्या माणसांच्या हातांतून गेली होती. शब्द आणखी झिजले असतील, सम मात्र तेथेच पडत होती.

बुवा 1926 साली निवर्तले. त्याच दशकात मुंबईतील गांधर्व महाविद्यालयाची इमारत कर्जापायी हातची गेली. विष्णु दिगंबर नाशिकास रामनामाधाराश्रमात राहावयास गेले, आणि तेथे त्यांनी काही निवडक शिष्यांस स्वतःजवळ ठेवून, घरी बसवून, शिकविण्यास पुनः आरंभ केला.